बंदीच्या दिवसांतली टाकी

जून लागतो, मासेमारीला बंदी येते आणि बोईसरजवळच्या दांडीच्या किनाऱ्यावर होड्या वर घेतल्या जातात. ओंडके टाकून, दोर लावून, आरडाओरडा करत माणसं त्यांना पाण्यापासून लांब ओढतात आणि एका कुशीवर कलंडवून ठेवतात. मग पुढे कित्येक दिवस किनाऱ्यावर एकच आवाज असतो, खरवडण्याचा. वर्षभर बुडाला चिकटलेली कालवं, शिंपल्या, शेवाळ, सगळं पात्यांनी खरवडायचं, लाकूड उघडं करायचं, तेल पाजायचं आणि होडी शाकारून ठेवायची. मोटरसायकलवरून तिथून जाताना हा आवाज कानावर आला की मी गाडी जोरात काढतो.

हेमाला, माझ्या बायकोला, मी हे कधी सांगितलेलं नाही. तीही या दिवसांत दांडीला, माहेरी, जायचं टाळते. विचारलं तर गुडघा दुखतोय म्हणते. हा गुडघा नारळी पौर्णिमेच्या सुमारास आपोआप बरा होतो, आणि मीही त्याची जास्त चौकशी करत नाही.

तिचे वडील दांडीचे तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, ज्याच्या शब्दावर बाकीचे खलाशी जाळं टाकतात आणि ओढतात. मी साताऱ्याकडचा, त्यामुळे आमच्या रीतीने सासऱ्यांना मामा म्हणायचो. ते मला नुसतं जावय म्हणायचे. माझं नाव त्यांनी कधी घेतल्याचं मला आठवत नाही. मी बोईसरच्या एका कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत नमुने तपासतो आणि सालवडला राहतो. दर्यावरची मुलगी केली आणि मासे खायला शिकायच्या ऐवजी पाळायला शिकला, अशी माझ्याबद्दलची थट्टा दांडीत अजून चालते. त्यात खोटं काही नाही.

आमच्या हॉलच्या एका भिंतीला खाऱ्या पाण्याची टाकी आहे. गोड्या पाण्यातले लाल-सोनेरी मासे ठेवतात तशी नव्हे. हिच्यात दगड आहेत, दगडांवर मऊ जिवंत प्रवाळ आहेत, ते दिव्याखाली हळूहळू उमलतात आणि मिटतात. नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे त्यांच्यातून फिरतात. ही टाकी यायच्या आधी त्या भिंतीला टीव्ही होता. टीव्ही आता बेडरूममध्ये कपाटावर चढवलेला आहे आणि तो बघायला मान वर करावी लागते, याची आठवण हेमा मला आठवड्यातून एकदा तरी करून देते.

मामा पहिल्यांदा ही टाकी बघायला आले तेव्हा मी बादलीत पाणी घेऊन त्यात समुद्री मिठाची पूड ढवळत होतो. पिशवीतून पूड काढायची, विरघळवायची, खारटपणा मोजायचा, मगच ते पाणी टाकीत जायचं. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"दर्या उशाला हाय," ते म्हणाले, "नि तू बादलीत दर्या कालवतोस?"

मी समजावू लागलो. किनाऱ्याचं पाणी गढूळ असतं, पावसाळ्यात गोडं होतं, त्यात काय काय मिसळलेलं असतं, प्रवाळ नाजूक असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हेमाकडे वळून म्हणाले, "पोरी, तुजा नवरा शिकलेला हाय, पन येडा हाय." हेमाने लगेच होकार दिला.

अशा टाकीत आपण जे ठेवतो त्यापेक्षा न ठेवलेलंच जास्त असतं. दगडाच्या फटीतून, प्रवाळाच्या बुडाला चिकटून, बिनबोलावलेले पाहुणे येतात. एखाद्या संध्याकाळी दिवा मालवून बॅटरी मारली की ते दिसतात. केसाळ गुलाबी अळ्या, नखाएवढे खेकडे, काचेवर सरकणारे चपटे ठिपके, हिरव्या बुडबुड्यांसारखं शेवाळ. नवशिक्या माणसाला वाटतं, जे दिसेल ते चिमट्यात धरावं आणि फेकून द्यावं. मीही सुरुवातीला तेच करत होतो. पुढे कळलं की आधी ओळखायचं, मग हात लावायचा. त्या केसाळ अळ्या टाकीतली घाण खातात, त्यांना राहू द्यायचं. खेकड्यांपैकी काही गरीब असतात, काही प्रवाळ कुरतडतात. कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं हे ठरवण्यात या छंदाचा अर्धा वेळ जातो, आणि खरं सांगायचं तर त्यात एक प्रकारची मिजासही असते. घरमालक झाल्यासारखं वाटतं.

एक केसाळ काळा खेकडा असाच आला होता. रोज एखादं प्रवाळ कुरतडलेलं सापडायचं. मी एक काचेचा ग्लास दगडाला तिरका टेकवून ठेवला आणि तळाशी कोळंबीचा तुकडा टाकला. आत उतरायला सोपं, काच निसरडी म्हणून बाहेर पडणं अवघड. सकाळी खेकडा ग्लासात बसलेला. मामा त्या दिवशी आमच्याकडे होते. त्यांना ही शिकार फार आवडली. "डब्यात दे, खाडीत सोडतो," ते म्हणाले. मी नाही म्हटलं. तो कुठल्या परक्या समुद्रातून आलेला, आपल्या खाडीत सोडायचा नसतो.

"म्हंजे आता त्याला घर नाय?" त्यांनी विचारलं.

मग मी त्याला टाकीखालच्या छोट्या टाकीत ठेवला. तिथे पाणी गाळलं जातं, कुरतडायला काही नाही. मामा आले की आधी खाली वाकून त्याची चौकशी करायचे, मग आमची.

या सगळ्या पाहुण्यांत सगळ्यात वाईट एक समुद्रफूल असतं, नावाला फूल पण जात प्राण्याची. छंदातली माणसं त्याला एप्टेशिया म्हणतात. दिसायला नाजूक, तपकिरी, पारदर्शक देठ आणि वर बारीक बोटांचा झुबका. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी हेमाला हौसेने दाखवलं होतं, बघ, फुकटात फूल आलं. पण ते शेजारच्या प्रवाळांना डंख मारतं, हळूहळू सगळा दगड बळकावतं. आणि त्याला खुडलं, चिरडलं, कापलं, तर देठाचा जो कण मागे राहतो त्यातून नवं फूल येतं. एकाची अनेक होतात. तेव्हा आमच्या टाकीत मागच्या बाजूच्या दगडावर अशी मोजकीच फुलं होती आणि मी त्यांच्यावर नजर ठेवून होतो.

त्या वर्षी उन्हाळ्यात मामांच्या गालाला आतून एक जखम झाली. मिरची लागते म्हणाले, मग दात लागतो म्हणाले, मग काहीच म्हणेनासे झाले. तंबाखूची गोळी त्याच बाजूला धरायची त्यांची आयुष्यभराची सवय. हेमा त्यांना जबरदस्तीने बोईसरच्या दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, त्याने मुंबईला पाठवलं, तिथे गालाचा तुकडा काढून तपासला आणि आम्हाला जे वाटत होतं तेच निघालं. डॉक्टरांनी आम्हाला बसवून नीट सांगितलं. कॅन्सर आहे, पण अजून गालातच आहे. गाल आणि जबड्याचा थोडा भाग काढावा लागेल. वेळेत केलं तर माणूस वाचतो. चेहरा थोडा बदलेल, जेवायला त्रास होईल, पण वाचतो. ऑपरेशनची तारीख पावसाळ्यातली मिळाली. तपासण्यांसाठी ये-जा करायला स्टेशन जवळ म्हणून तोवर ते आमच्याकडे सालवडला राहायला आले.

तेव्हा नुकतीच बंदी लागली होती. दांडीला त्यांची होडी वर ओढली गेली, आणि पहिल्यांदाच ती ओढताना ते तिथे नव्हते. माझ्या मेव्हण्याने फोनवर व्हिडिओ पाठवला. मामांनी तो एकदा बघितला आणि म्हणाले, "डाव्या कुशीवर कशाला टाकली?" मग फोन हेमाला परत दिला.

मी आणि हेमा कामावर जायचो. तिचं ऑफिस पालघरला, माझा कारखाना बोईसरला. मामा टाकीसमोर प्लास्टिकची खुर्ची घेऊन बसायचे. तंबाखू सुटली होती, म्हणजे सोडवली होती, पण चुन्याची डबी त्यांच्या खिशात अजून असायची. बोलता बोलता ते ती काढायचे, उघडायचे, चुना बोटाने सारखा करायचे आणि परत मिटून ठेवायचे. उन्हापावसात राबलेले ते हात. जाळं ओढून ओढून बोटांची पेरं अशी झाली होती की मूठ पुरती उघडत नसे. त्या हातांना आमच्या दोन खोल्यांत करण्यासारखं काहीच नव्हतं. हेमाने त्यांना लसूण सोलायला दिला. एका दुपारी त्यांनी घरातला सगळा लसूण सोलून ठेवला आणि संध्याकाळी विचारलं, "आजून हाय?"

एका संध्याकाळी मी घरी आलो तर मामा दारातच उभे. सदऱ्याच्या दोन्ही बाह्या ओल्या, तोंडावर हसू. गाल सुजल्यापासून ते हसायचे बंद झाले होते, म्हणून मला आधी त्या हसण्याचंच बरं वाटलं. मला हाताला धरून त्यांनी टाकीसमोर नेलं.

"बघ, तुजी होडी साफ केली."

टाकीच्या काठावर आमची भाजीची सुरी होती. मागचा दगड स्वच्छ होता. प्रवाळांना त्यांनी धक्का लावला नव्हता, एवढ्या मोठ्या हातांनी एवढं जपून काम केलेलं मी पाहिलं नव्हतं. फक्त ती तपकिरी फुलं, देठांसकट, त्यांनी खरवडून काढली होती. बंदी लागली की बुडाला चिकटलेलं खरवडायचं. जन्मभर जे केलं ते त्यांनी इथे केलं. मी रोज बॅटरी घेऊन त्या फुलांकडे कपाळाला आठ्या घालून बघतो हे त्यांनी पाहिलं होतं, आणि जावयाचं एक काम उरकून टाकलं होतं.

पाण्यात कण तरंगत होते. पंप चालू होता, प्रत्येक कण त्याच्याबरोबर फिरत होता. मला काय होणार ते लख्ख दिसत होतं. "छान केलंत मामा," मी म्हटलं. त्या माणसाच्या तोंडावर मला तेव्हा दुसरं काही म्हणता आलं नाही, आणि आजही आलं नसतं.

थोड्याच दिवसांत दगडांवर बारीक ठिपके दिसू लागले. मग ठिपक्यांना बोटं फुटली. पुढच्या दगडावर, बाजूच्या काचेवर, पंपाच्या जाळीवर, प्रवाळांच्या अगदी बुडाशी. मामा दिवसभर समोरच बसलेले असत, त्यामुळे माझ्या आधी त्यांनाच सगळं दिसत होतं. एका रविवारी सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि काचेवर बोट ठेवलं.

"मी तं पार उघडा केला होता दगड. मंग हा कुटून आला?"

मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसलो आणि सांगितलं. याला सुरी लावायची नसते मामा. कापलं की तुकडे सुटतात, पाण्याबरोबर दुसरीकडे जातात, तिथे धरतात. जेवढे तुकडे तेवढी नवी फुलं. सांगताना मी प्रयोगशाळेतल्या नवीन मुलांना सांगतो तसं सांगत होतो, हातवारे करून, व्यवस्थित.

"म्हंजे सुरी लावली म्हनून पसरला?"

"तुमचा काय दोष त्यात? तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"ते नाय इचारत. सुरी लावली म्हनूनच ना?"

"हो," मी म्हटलं.

मी खोटं काही सांगितलं नव्हतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे आणि ते खरंही आहे. जे होतं ते मी सांगितलं, त्यात माझी चूक आहे असं मी मानत नाही. पण ते "हो" माझ्या तोंडून निघालं तेव्हा मामांनी मान हलवली आणि गालावर हात ठेवला. तो हात मी पाहिला, आणि तरी मला काही कळलं नाही.

रात्री जेवताना त्यांनी हेमाला सांगितलं, "आपरेशन करायचा नाय."

दांडीत ही भीती नवी नव्हती. सुरी लागली की ती गाठ चवताळते, हे तिथे लहानपणापासून ऐकू येतं. मामांचा दोस्त भालू, तोही तांडेल, ऑपरेशन होऊन दोन-तीन महिन्यांत गेला होता. तो डॉक्टरकडे किती उशिरा पोचला होता हे कुणी बोलत नव्हतं. मामांच्या गालाचा तुकडा तपासायला काढला तेव्हापासूनच दुखणं वाढलं, असंही भेटायला येणारे सांगून जात होते. हे सगळं मामांनी इतके दिवस ऐकलं होतं आणि तरी तारखेला हो म्हटलं होतं, कारण हेमाच्या शब्दाबाहेर ते नव्हते. आता त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आमच्या हॉलमध्ये, दिव्याच्या उजेडात, रोज थोडं थोडं वाढताना.

मी भांडलो. माणसाचं शरीर म्हणजे समुद्रफूल नव्हे, गाठ वेगळी, हे वेगळं. डॉक्टर नुसती गाठ खरवडत नाहीत, आजूबाजूचा चांगला भागही काढतात, मुळापासून काढतात.

"मीबी मुळापासूनच काढला होता," मामा म्हणाले. "हात लावून बघितला होता. एक नव्हता ऱ्हायला."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. पुष्कळ उत्तरं होती. कागदावर चित्रं काढून दाखवली, डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं, ऑपरेशन होऊन वर्षानुवर्षं जगणारा आमच्या कारखान्यातला एक जण घरी आणून बसवला. मामांनी त्याला चहा प्यायला लावला, त्याच्या गालावरची खूण निरखली आणि तो गेल्यावर म्हणाले, "नशीबवाला हाय." त्यांच्यासमोर टाकी होती आणि टाकीसमोर माझं कुणी ऐकत नव्हतं.

हेमा त्यांच्याशी दांडीच्या बोलीत बोलायची, त्या बोलीत ती माझ्याशी कधी बोलत नाही. "बाबा, तू एकदा हो बोल. माज्यासाठी बोल," ती म्हणायची. ते तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे. स्वयंपाकघरात येऊन ती मला म्हणाली होती, "तुमची ती टाकी मी फोडून टाकीन." मी म्हटलं, फोड. मला खरंच वाटत होतं तिने फोडावी. पण फोडून काय होणार होतं? मामांनी जे बघितलं ते काही पाण्याबरोबर वाहून गेलं नसतं.

एक दिवस मनात आलं की टाकी त्यांच्या देखत साफ करून दाखवावी. या फुलांवर उपाय असतो तो चुन्याचा. दाट कालवलेला चुना सुईच्या नळीत भरायचा, पंप बंद करायचा, आणि फूल मिटायच्या आत त्याच्या तोंडाशी अलगद सोडायचा. ते चुना गिळतं, आकसतं आणि जागच्या जागी विरघळतं. एका वेळी थोडीच मारायची, जास्त चुना गेला तर पाणी बिघडतं आणि प्रवाळ मरतात. मी नळी घेऊन बसलो तेव्हा मामांनी खिशातून डबी काढून माझ्यापुढे धरली. सवयीप्रमाणे तो चुना मी आधी तपासून घेतला, त्यावरही ते हसले. मग आम्ही दोघं बसलो. ते फूल दाखवायचे, मी नळी न्यायचो. पावसाने बाहेर अंधारून आलेलं असायचं, टाकीचा निळा उजेड त्यांच्या सुजलेल्या गालावर पडायचा. कित्येक संध्याकाळी आम्ही अशा घालवल्या. माझ्या आणि त्यांच्या सहवासातले सगळ्यात चांगले दिवस ते, आणि ऑपरेशनची तारीख त्याच दिवसांत येऊन गेली.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी फूल आकसताना बघून ते म्हणाले होते, "डाक्तरला सांग, मलाबी आसाच इंजेक्शन दे. सुरी नको. इंजेक्शन कितीबी दे."

मी विचारलं डॉक्टरांना. खरोखर फोन करून विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, त्यांच्या बाबतीत आधी ऑपरेशनच, नुसत्या औषधाने भागणार नाही, आणि उशीर करू नका. मी ते मामांना तसंच सांगितलं. त्यांनी डबी मिटून खिशात टाकली.

बंदी उठायच्या सुमारास ते दांडीला परत गेले. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली तेव्हा काठावर उभे होते, मेव्हण्याला ओरडून सूचना देत होते. ओरडताना जबडा नीट उघडत नव्हता, ते हेमाने पाहिलं. ती माझा दंड धरून उभी होती आणि तिने तो इतका आवळला होता की वळ उठले.

आता टाकी चांगली आहे. नंतर कुणीतरी सुचवलं म्हणून मी लाल पट्ट्यांची छोटी कोळंबी आणून सोडली. ती ही फुलं खाते. जे उरतं त्याला चुना. तरी एखादं कोपऱ्यात निघतंच, ते पुरतं कधी जात नाही हे मी मान्य केलं आहे. टाकीला हात न लावणारी हेमा आता कधी कधी स्वतः नळी घेऊन बसते. पहिल्यांदा बसली त्या संध्याकाळी मी नुसता पंप बंद केला. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. फूल आकसून नाहीसं होईपर्यंत ती बघत राहते आणि मग उठून कुकर लावते. मामा गेले ते थंडीत, घरी, दांडीला. शेवटी पेजही उतरत नव्हती. आलेगेले म्हणायचे, बरं झालं, सुरी लावली नाही, आहे त्या चेहऱ्याने गेला. हेमा अशा वेळी आत निघून जायची.

मला मात्र दिवाळीनंतरचा एक दिवस आठवतो. गळ्याशी गाठ दिसू लागली होती आणि मामांनी आपण होऊन हेमाला निरोप धाडला, चल, करून टाकू आपरेशन. दुखणंच तेवढं झालं होतं. आम्ही त्यांना पालघरला आणलं, तिथे मुंबईचे सर्जन आठवड्यातून एकदा येतात. त्यांनी तपासलं, फोटो बघितले, आणि मला बाजूला घेतलं. मानेत खोल पसरलं होतं. आता कापण्यासारखं राहिलं नव्हतं.

परतताना मेव्हणा गाडी चालवत होता. ती एरवी बर्फ आणि मासळी नेते, त्यामुळे तिला तो वास कायमचा. हेमा पुढे भावाशेजारी बसली होती, मी आणि मामा मागे. भातं कापून झाली होती, दोन्ही बाजूंना मोकळी खाचरं. मामांना बोलायला कष्ट पडत होते, दातांत फट राहिली होती तेवढीच, त्यातून ते शब्द काढायचे.

"काय बोलला तो?"

मी सांगितलं. मानेत गेलंय मामा. ऑपरेशन आता नाही होणार. औषधं देतील, दुखणं कमी होईल.

ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. बोईसरला मेव्हण्याने सालवडकडे वळू का विचारलं, हेमाने मान हलवून नको म्हटलं आणि गाडी दांडीच्या रस्त्याला लागली.

"सुरी तं लावलीच नाय," मामा म्हणाले. "तरीबी पसरला."

पुढे हेमाची मान ताठ झाली, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

"तवा लावली आसती तं?" त्यांनी माझ्याकडे तोंड करून विचारलं. "वाचलो आसतो?"

त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. त्यांना ते खरंच जाणून घ्यायचं होतं आणि विचारायला माझ्याइतकं योग्य माणूस त्यांना दुसरं वाटत नव्हतं.

"नाही मामा," मी म्हटलं. "काही फरक पडला नसता."

"खोटा बोलाया तुला येत नाय, जावय," ते म्हणाले आणि माझा हात हातात घेऊन, दांडी येईपर्यंत, थोपटत राहिले.